नवशिक्यांसाठी गोल्फ साहित्याची निवड

गोल्फ खेळू लागलेल्या किंवा जास्त हँडिकॅप असलेल्या खेळाडूने कोणते क्लब, चेंडू व इतर साहित्य वापरावे, हा या खेळाच्या अध्यापनातील एक जुना व सतत चर्चिला जाणारा विषय आहे. गोल्फमध्ये 'क्लब' या शब्दाचे दोन अर्थ होतात : खेळाची संस्था आणि चेंडू मारण्याची काठी. या लेखात तो दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. क्लबचे चार मुख्य भाग असतात : हाताने धरावयाची मूठ (ग्रिप), दांडा (शाफ्ट), डोके (हेड) आणि डोक्याचा चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग (फेस). हा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जितका अधिक, तितका चेंडू उंच व जवळ पडतो. लॉफ्ट कमी असल्यास तो सखल व लांब जातो.

बहुतेक खेळांत नवशिका आणि निष्णात खेळाडू जवळजवळ एकच साहित्य वापरतात. गोल्फ याला ठळक अपवाद आहे. निष्णात खेळाडूसाठी घडवलेला क्लब नवशिक्याच्या हाती दिल्यास त्याच्या प्रत्येक चुकीची पुरेपूर शिक्षा त्याला मिळते, तर नवशिक्यासाठी घडवलेला क्लब त्याच चुकीचा बराचसा भाग पोटात घालतो. हे साहित्य महाग आणि बहुतांशी आयात केलेले असते. त्यामुळे चुकीच्या निवडीने पैसा तर जातोच, पण पुष्कळदा खेळही सुटतो.

हँडिकॅपचा अर्थ

हँडिकॅप ही खेळाडूच्या कौशल्याची संख्यात्मक मोजणी आहे. संख्या जितकी मोठी, तितके कौशल्य कमी. इ.स. २०२० पासून जगभर एकच जागतिक हँडिकॅप प्रणाली लागू होऊ लागली. भारतात या खेळाचे नियमन १९५५ मध्ये स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन ही संस्था करते. या प्रणालीत स्त्री-पुरुष दोघांसाठीही कमाल हँडिकॅप निर्देशांक ५४.० आहे. पहिला निर्देशांक मिळवण्यासाठी एकूण ५४ होलच्या खेळाची नोंद लागते; ती ९ किंवा १८ होलच्या फेऱ्यांतून जुळवता येते. पुरेशा फेऱ्या झाल्यावर शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरली जाते. म्हणजे हा आकडा खेळाडूचा रोजचा खेळ दाखवत नाही. तो चांगल्या दिवशी काय करू शकतो, हे दाखवतो.

प्रत्येक फेरीचा गुणफरक काढताना मैदानाची अवघडताही विचारात घेतली जाते. मैदानाचा प्रमाणित उतारांक (स्लोप) ११३ मानला आहे. समजा, ७१.० कोर्स रेटिंग व १२० उतारांक असलेल्या मैदानावर एखाद्याचे समायोजित फटके ११२ झाले, तर फरक ४१ येतो. त्याला ११३ ने गुणून १२० ने भागल्यास ३८.६ हा गुणफरक मिळतो. असा खेळाडू 'जास्त हँडिकॅप' गटात मोडतो. या गटाची अधिकृत सीमारेषा नाही. प्रशिक्षक व साहित्य-निर्माते साधारणतः १८ ते २० च्या पुढील हँडिकॅपला हा शब्द वापरतात.

या गटातील खेळाडूंच्या फटक्यांत काही दोष वारंवार आढळतात. चेंडू फेसच्या मध्यभागी न लागता टोकाकडे किंवा टाचेकडे लागतो. क्लब चेंडूच्या आधी जमिनीवर आदळतो. चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर फटका बसून तो सरपटत जातो. आणि उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा चेंडू उजवीकडे वळत जातो, ज्याला 'स्लाइस' म्हणतात. साहित्याची निवड करताना खेळाडूच्या इच्छेपेक्षा या दोषांचा विचार आधी करावा लागतो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्यात पिसे दाबून भरलेला असे व तो महाग असे. इ.स. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेला चेंडू आला आणि खेळ स्वस्त झाला. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबरी धागा गुंडाळलेला चेंडू तयार केला. दांडे हिकरी लाकडाचे असत. पोलादी दांड्यांना अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये, तर स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ मध्ये मान्यता दिली. पोलादी दांड्यामुळे एकसारख्या क्लबांचे संच घडवणे सोपे झाले आणि खेळाडू वाटेल तितके क्लब बाळगू लागले. ही चढाओढ थांबवण्यासाठी १९३८ मध्ये अमेरिकेत व पुढील वर्षी ब्रिटनमध्ये एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब ही मर्यादा आली. ती आजही कायम आहे. नियमात किमान संख्या मात्र नाही, आणि नवशिक्याच्या दृष्टीने हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

कमी कौशल्याच्या खेळाडूला सांभाळून घेणाऱ्या क्लबची कल्पना अमेरिकेतील अभियंता कार्स्टन सोल्हाइम याच्यामुळे रूढ झाली. पटिंगमध्ये स्वतःला त्रास होत असल्याने त्याने १९५९ मध्ये एक वेगळाच पटर बनवला. त्याच्या आवाजावरून त्याला 'पिंग' हे नाव मिळाले. डोक्याच्या मध्यभागातील धातू काढून तो कडांकडे नेल्यास फटका मध्यापासून ढळला तरी डोके कमी फिरते, हे तत्त्व त्याने पुढे लोखंडी क्लबांनाही लावले. इ.स. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स याने टेलरमेड कंपनीतर्फे पोलादी पोकळ डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. इ.स. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा मोठ्या डोक्याचा 'बिग बर्था' आला. आज ड्रायव्हरच्या डोक्याचे कमाल आकारमान ४६० घन सेंमी इतके मर्यादित आहे आणि बाजारातील बहुतेक ड्रायव्हर या मर्यादेला टेकलेले असतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

ब्रिटनबाहेरील सर्वांत जुन्या गोल्फ संस्थांपैकी एक, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, १८२९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ ब्रिटिश अधिकारी व लष्करी छावण्यांबरोबर आला. पुण्यातील येरवडा परिसरातील पूना गोल्फ क्लब तसेच मुंबईतील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब व चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब ही जुन्या परंपरेतील मैदाने होत. नवी मुंबईतील खारघर येथे सिडकोने विकसित केलेले मैदान त्यामानाने अलीकडचे आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

साहित्याच्या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले एक उत्तर मात्र कोणत्याही कंपनीच्या सूचीत सापडत नाही. चेंबूरच्या गोल्फ मैदानालगतच्या वस्त्यांत राहणारे कॅडी व मुले गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ खेळत आली आहेत. बांधकामाची लोखंडी सळई ठोकून, टोक वाकवून व चपटे करून क्लब तयार केला जातो आणि मुठीच्या जागी रबरी किंवा प्लास्टिकची नळी चढवली जाते. चेंडू प्लास्टिकचा हलका असतो, म्हणजे कुणाच्या पत्र्याचे किंवा डोक्याचे नुकसान होत नाही. 'स्लम गोल्फ' या नावाने देशी-विदेशी वृत्तमाध्यमांनी त्याची दखल घेतली. एकच क्लब, अरुंद गल्ली, भिंतींवरून येणारे टप्पे आणि उघडी गटारे यांमुळे या खेळाडूंना ताकदीपेक्षा नियंत्रण आधी शिकावे लागते. भारतीय व्यावसायिक गोल्फमध्ये कॅडी किंवा मैदान-कामगारांच्या कुटुंबांतून आलेल्यांची परंपरा मोठी आहे. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ व १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकली, आणि कोलकात्याचे एस.एस.पी. चौरसिया हे मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र आहेत. महागडा संच ही खेळ शिकण्याची पूर्वअट नाही, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये.

किती क्लब घ्यावेत

दुकानात दिसणारा पूर्ण संच १२ ते १४ क्लबांचा असतो. नवशिक्याला यातील निम्मे क्लब पहिल्या वर्षी उपयोगी पडत नाहीत, कारण लगतच्या दोन क्लबांतील अंतराचा फरक साधारण १० मीटर असतो आणि त्याच्या स्वतःच्या फटक्यांतील चढउतार याहून कितीतरी अधिक असतो. सहा किंवा सात-लोखंडी यांपैकी काय घ्यावे, हा प्रश्न दोन्हींनी चेंडू सरळ जाऊ लागल्यावरच अर्थपूर्ण ठरतो.

त्यामुळे अनेक प्रशिक्षक सात ते आठ क्लबांचा अर्धा संच पुरेसा मानतात. त्यात साधारणतः जास्त लॉफ्टचा एक ड्रायव्हर किंवा ५ क्रमांकाचा वुड, एक हायब्रिड, ७ व ९ क्रमांकांचे लोखंडी, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि एक पटर येतो. मधल्या अंतरासाठी आणखी एखादा लोखंडी क्लब जोडता येतो. प्रत्येक क्लबमधील अंतर मोठे राहते, निवड सोपी होते आणि पिशवी हलकी होते. चालत खेळणाऱ्याला शेवटची गोष्ट बाराव्या होलनंतर विशेष जाणवते.

लोखंडी क्लब

संचाचा कणा म्हणजे लोखंडी क्लब, ज्यांना आयर्न म्हणतात. त्यांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. 'ब्लेड' किंवा मसल-बॅक प्रकारात डोके लहान, पातळ व एकसंध धातूचे असते. 'कॅव्हिटी-बॅक' प्रकारात मागील बाजू खोलगट असून वजन कडांवर वाटलेले असते. दुसऱ्या प्रकारातील अधिक उदार आवृत्तीला 'गेम इम्प्रूव्हमेंट' म्हणतात; तिचा तळ रुंद, वरची कड जाड आणि गुरुत्वमध्य खाली असतो.

यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. चेंडू डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या रेषेपासून दूर लागला की डोके फिरते. फेसची दिशा बदलते आणि ऊर्जा वाया जाते. हे फिरणे रोखण्याची डोक्याची क्षमता म्हणजे त्याचा जडत्वाघूर्ण. वजन मध्यापासून जितके लांब, तितका जडत्वाघूर्ण अधिक. लोखंडाच्या सपाट पट्टीच्या दोन्ही टोकांना वजने बांधली की ती फिरवणे जड जाते, तसाच हा प्रकार आहे. गुरुत्वमध्य खाली असल्याने चेंडू उंच चढायला मदत होते, आणि रुंद तळामुळे क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी खोल रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो.

ब्लेड वापरल्याने 'फटका सुधारतो', असा समज खेळाडूंमध्ये खोलवर रुजलेला आहे. त्याच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की ब्लेडवर चुकीचा फटका हाताला लगेच कळतो. हे खरे असले तरी चूक कळणे आणि ती सुधारता येणे यांत फरक आहे. ज्याला अजून बरोबर फटक्याचीच जाणीव नाही, त्याला चुकीची झिणझिणी फारसे काही शिकवत नाही.

लॉफ्टविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. क्लबवरील क्रमांक प्रमाणित नसतात. १९८० च्या दशकात सात-लोखंडीचा लॉफ्ट साधारण ३५ अंशांच्या आसपास असे. आजच्या अनेक गेम इम्प्रूव्हमेंट संचांत तो २८ ते ३० अंश असतो. म्हणजे जुन्या पाच-लोखंडीवर सात हा आकडा छापल्यासारखे आहे. गुरुत्वमध्य खाली गेल्याने कमी लॉफ्टमध्येही चेंडू उंच जातो, हा त्याचा तांत्रिक आधार आहे. पण 'नव्या सात-लोखंडीने चेंडू वीस मीटर लांब जातो' या जाहिरातीतील मोठा वाटा आकड्याचाच असतो. याचा परिणाम असा की अशा संचातील पिचिंग वेज ४२ ते ४५ अंशांचा होतो आणि ५६ अंशांच्या सँड वेजपर्यंत मोठी पोकळी राहते. ती भरण्यासाठी ५० अंशांच्या आसपासचा गॅप वेज लागतो. जुना व नवा संच मिसळताना क्रमांकाऐवजी अंश पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ड्रायव्हर, वुड आणि हायब्रिड

ड्रायव्हर हा सर्वांत लांब, सर्वांत कमी लॉफ्टचा आणि त्यामुळे सर्वांत अवघड क्लब होय. दुकानात तोच आधी हाती घेतला जातो. त्याची लांबी साधारण ४५ इंच असते. नियमानुसार पटर वगळता कोणताही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब असू शकत नाही. कमी वेगाच्या फटक्याला ९ अंशांचा ड्रायव्हर उपयोगाचा नसतो. चेंडू हवेत पुरेसा टिकत नाही. बहुसंख्य नवशिक्यांना १०.५ ते १२ अंश किंवा त्याहून अधिक लॉफ्ट अनुकूल ठरतो. शिवाय लॉफ्ट वाढला की उलट फिरकीच्या तुलनेत आडव्या फिरकीचा प्रभाव घटतो आणि स्लाइस कमी दिसतो. टाचेकडे अधिक वजन असलेले, स्लाइस कमी करणारे ड्रायव्हरही मिळतात. त्यांनी चेंडूचे वळण कमी होते, पण मूळ दोष जात नाही.

तीन व चार क्रमांकांचे लांब लोखंडी क्लब जास्त हँडिकॅपच्या खेळाडूने टाळावेत, यावर जवळजवळ एकमत आहे. त्यांची जागा हायब्रिडने घेतली आहे. हायब्रिडचे डोके लहान वुडसारखे व लांबी लोखंडी क्लबच्या जवळची असते. गवतातून किंवा कोरड्या जमिनीवरून चेंडू उचलणे त्याने सोपे जाते. सुमारे २१ अंशांचा सात क्रमांकाचा वुड हाही एक कमी प्रतिष्ठेचा पण अतिशय उपयुक्त पर्याय आहे.

दांडा व माप

दांड्याच्या लवचिकतेला फ्लेक्स म्हणतात आणि ती लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ व एक्स्ट्रा स्टिफ या नावांनी दाखवली जाते. या नावांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. ढोबळमानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असल्यास रेग्युलर आणि त्याखाली सीनियर दांडा सुचवला जातो. 'लेडीज' व 'सीनियर' ही नावे दुर्दैवी आहेत. केवळ नावाच्या संकोचापोटी तरुण पुरुष ताठ दांडा घेतात आणि सडपातळ पण वेगवान स्त्री खेळाडूंच्या हाती अकारण मऊ दांडा दिला जातो. निकष वेग हाच असायला हवा.

लोखंडी क्लबसाठी पोलादी दांडा साधारण ९० ते १३० ग्रॅम, तर ग्रॅफाइटचा ५० ते ८० ग्रॅमचा असतो. ग्रॅफाइट महाग असले तरी आघाताची कंपने कमी पोहोचवते. कोपर किंवा मनगट दुखणाऱ्यांना हा फरक महत्त्वाचा आहे.

लांबी ठरवताना केवळ उंची पाहून चालत नाही. उभे राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतरही मोजावे लागते, कारण उंच माणसाचे हातही लांब असतात. दांडा आणि तळ यांमधील कोनास 'लाय' म्हणतात. फटक्याच्या वेळी क्लबचे टोक वर उचललेले राहिले तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे, आणि टाच उचललेली राहिली तर उजवीकडे जातो. महिनोन्‌महिने खेळाडू स्वतःच्या फटक्यात दोष शोधत राहतो आणि दोष क्लबच्या कोनात असतो, असे घडू शकते. तळाला चिकटपट्टी लावून कडक फळीवरून काही फटके मारल्यास पट्टीवर उमटणाऱ्या खुणेवरून लाय तपासता येतो. डाव्या हाताच्या खेळाडूंसाठी निवड सर्वत्रच मर्यादित असते, त्यामुळे त्यांनी खरेदीपूर्वी पूर्ण संच उपलब्ध असल्याची खात्री करणे इष्ट.

मूठ हा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जुने रबर कडक व गुळगुळीत होते, हाताची पकड आपोआप घट्ट होते आणि खांदे आखडतात. वापरलेल्या संचाच्या मुठी बदलून घेणे हा कमी खर्चात होणारा मोठा बदल ठरतो.

वेज, पटर व जमिनीचा प्रकार

वेजच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते. या कोनाला बाउन्स म्हणतात. बाउन्स अधिक असल्यास वेज मऊ माती व वाळूत रुतत नाही, पण कडक जमिनीवर तो उसळतो आणि चेंडूच्या पोटावर आदळतो. साधारणतः ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मध्यम आणि त्यापुढे अधिक बाउन्स समजला जातो.

हा मुद्दा विदर्भात विशेष लागू होतो. नागपूर जिल्ह्यातील सावनेर, काटोल, कळमेश्वर या पट्ट्यात काळी, कापसाला मानवणारी माती विस्तृत प्रमाणात आहे. ती पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून दगडासारखी कडक होते व भेगाळते. मोकळ्या जागेत सराव करणाऱ्याला म्हणून वर्षभरात जणू दोन वेगळ्या जमिनी मिळतात. ऑगस्टमध्ये १२ अंश बाउन्सचा वेज उपकारक ठरतो. मे महिन्यात तोच उसळतो. दोन वेज परवडत नसतील तर ५४ किंवा ५६ अंशांचा, १० अंशांच्या आसपास बाउन्स असलेला वेज ही मधली वाट होय. ६० अंशांचा लॉब वेज नवशिक्याने पहिल्या वर्षी टाळणे श्रेयस्कर.

कडक जमिनीवर लोखंडी क्लबने वारंवार फटके मारल्यास कोपराच्या आतील स्नायुबंधांना इजा होते, जिला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. उन्हाळ्यातील सरावासाठी जाड चटई किंवा हिरवळीचा तुकडा आणि एखादा जुना क्लब वापरणे हितावह असते. मोकळ्या शेतात खऱ्या चेंडूने सराव करणे धोक्याचे आहे : साधारण नवशिक्याच्या ड्रायव्हरवरूनही चेंडू ताशी १८० किमीहून अधिक वेगाने सुटू शकतो आणि कुठे जाईल याची त्याला स्वतःलाही खात्री नसते. जवळपास माणसे, गुरे किंवा रस्ता असल्यास जाळी किंवा छिद्रांचा प्लास्टिक चेंडू आवश्यक ठरतो.

पाण्याच्या टंचाईमुळे देशाच्या कोरड्या भागांत, विशेषतः छावण्यांच्या मैदानांवर, हिरव्या पटिंग पृष्ठभागाऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राउन' वापरले जात. अशा पृष्ठभागावर चेंडू संथ चालतो. जलद हिरवळीवर मात्र पटरचे वजन व फेस अधिक प्रभाव दाखवतात. एकूण फटक्यांपैकी सर्वांत मोठा वाटा पटरचा असूनही खरेदीच्या वेळी त्याला शेवटचा विचार व उरलेला पैसा मिळतो. टोकांना वजन असलेला मोठ्या डोक्याचा 'मॅलेट' पटर बहुतेक नवशिक्यांना दिशा राखायला मदत करतो. लांबी अशी असावी की डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आत येतील.

चेंडू

नियमानुसार चेंडूचा व्यास ४२.६७ मिमीपेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यावरील खळग्यांमुळे हवेचा अवरोध घटतो. गुळगुळीत चेंडू त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावरच पडतो. बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत : आयोनोमर आवरणाचा दोन थरांचा, आणि युरेथेन आवरणाचा तीन किंवा अधिक थरांचा. दुसरा प्रकार हिरवळीजवळ अधिक फिरकी देतो, अनेकपट महाग असतो आणि व्यावसायिक तोच वापरतात.

नवशिक्याला पहिला प्रकार पुरतो. त्यावर फिरकी कमी असल्याने स्लाइसही थोडा कमी होतो, तो टिकतो, आणि मुख्य म्हणजे तो तळ्यात गेला तरी मन खट्टू होत नाही. झाडीतून व पाण्यातून गोळा केलेले वापरलेले चेंडूही विकले जातात. आवरणाला चीर नसेल तर सरावासाठी ते चालतात. एकाच फेरीत निरनिराळ्या प्रकारचे चेंडू वापरल्यास हिरवळीजवळचे अंतर शिकता येत नाही, म्हणून एकच साधा प्रकार धरून राहणे अधिक उपयुक्त.

इतर साहित्य

उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हातात एकच हातमोजा घालतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात कातडी मोजा घामाने लवकर कडक होतो. कृत्रिम किंवा मिश्र कापडाचा मोजा अधिक टिकतो. बुटांना मऊ प्लास्टिकचे खिळे किंवा रबरी उंचवटे असतात. धातूचे खिळे हिरवळ खराब करत असल्याने १९९० च्या दशकापासून बहुतेक मैदानांनी ते बंद केले. पहिल्या काही महिन्यांत चांगली पकड असलेले साधे क्रीडाबूट पुरतात. लाकडी टी, हिरवळीवरील खड्डा बुजवण्याचा काटा, चेंडूची जागा दाखवणारी खूण, टोपी व पुरेसे पाणी हे बाकीचे सामान. अंतरमापक दुर्बीण मात्र ज्याला आपला सात-लोखंडी नक्की किती लांब जातो हे माहीत नाही, त्याला फारशी उपयोगी नाही.

नागपूर परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. बंद मोटारीच्या डिकीत ते आणखी वाढते, आणि डोके दांड्याला जोडणारे इपॉक्सी सैल पडू शकते. क्लब घरात ठेवणे हाच त्यावरील उपाय. पावसाळ्यात आवरण नसलेल्या पोलादी वेजवर गंज चढतो, म्हणून फेरीनंतर ते पुसून कोरडे करावे लागतात.

खरेदीचे मार्ग

भारतात नवशिक्यासमोर साधारण चार मार्ग असतात. पहिला, मैदानावरील भाड्याचे किंवा उसने क्लब. पहिल्या पाच-सहा धड्यांसाठी हाच सर्वांत शहाणपणाचा. दुसरा, पिशवीसह मिळणारा तयार संच. त्यातील लोखंडी क्लब व हायब्रिड बहुधा समाधानकारक असतात, पटर व पिशवी दुय्यम. डेकॅथलॉनच्या 'इनेसिस' या नाममुद्रेखाली नवशिक्यांसाठी सुटे क्लब व छोटे संच मिळतात. सावनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला, जेथे क्लब हाताळून पाहण्याची सोय नसते, सुटा एक सात-लोखंडी घेऊन सुरुवात करणे पूर्ण संच ऑनलाइन मागवण्यापेक्षा कमी जोखमीचे आहे.

तिसरा मार्ग म्हणजे वापरलेला संच. क्लबचे तंत्रज्ञान वर्षागणिक फारसे बदलत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीचा चांगल्या कंपनीचा कॅव्हिटी-बॅक संच आजच्या नवशिक्याला पुरेसा असतो. घेण्यापूर्वी फेसवरील खाचा झिजल्या आहेत का, दांडा वाकला किंवा चिरला आहे का, डोके हलते का, सर्व दांडे एकाच प्रकारचे आहेत का आणि ड्रायव्हरच्या माथ्यावर सूक्ष्म भेग आहे का, हे पाहावे लागते. निवृत्त होणारे किंवा संच बदलणारे सभासद, मैदानावरील प्रशिक्षक आणि कॅडी हे अशा संचांचे नेहमीचे स्रोत आहेत. कॅडींना कोणता संच कोणाच्या हातून कसा वापरला गेला, हे दुकानदारापेक्षा अधिक ठाऊक असते.

चौथा मार्ग मापाने करून घेण्याचा, म्हणजे फिटिंगचा आहे. यात प्रक्षेपणमापक यंत्रावर वेग, कोन व फिरकी मोजून क्लब जुळवले जातात. फटका अजून घडतच असताना केलेले संपूर्ण फिटिंग काही महिन्यांत जुने होते. लांबी, लाय व मुठीची जाडी एवढे मोजून घेणे सुरुवातीस पुरेसे असते.

बनावट क्लब ही जागतिक समस्या आहे. तिला तोंड देण्यासाठी प्रमुख अमेरिकी निर्मात्यांनी २००४ मध्ये संयुक्त गट स्थापन केला. अवास्तव कमी किंमत, अक्षरांची असमान रंगभरणी, अनुक्रमांक नसणे आणि चुंबक चिकटणारा 'टायटॅनियम' ड्रायव्हर ही संशयाची चिन्हे होत. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही.